परिस्थितीची साक्ष

माणूस खोटे बोलतो, परिस्थिती खोटे बोलत नाही, असे एक वचन वकीलवर्गाच्या तोंडी नेहमी असते. वचन ऐकायला गोड आहे. पण ते अर्धेच खरे आहे. परिस्थिती स्वतः काहीच बोलत नाही. तिला बोलते करतो तो माणूसच. कुलूप, किल्ली, रेल्वेचे तिकीट, गोणीवरची शिवण या मुक्या वस्तू आहेत. त्यांचा एकमेकींशी संबंध जोडून त्यांतून एक कथा उभी करण्याचे काम तपास करणारा अधिकारी करतो, सरकारी वकील ती कथा न्यायालयापुढे मांडतो आणि न्यायाधीश ती स्वीकारतो किंवा नाकारतो. या तीन टप्प्यांत कोठे चूक झाली असेल, तर ती शोधण्याचे अधिकृत स्थान म्हणजे अपील.

मध्य भारतातून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग आणि त्याला सोबत करणारा हमरस्ता ज्या भागातून जातो, तेथे हा प्रश्न आज पुस्तकी राहिलेला नाही. ओडिशाच्या डोंगराळ भागात चोरून पिकविला जाणारा गांजा पश्चिमेकडे येतो, तो बहुधा छत्तीसगडमधून. रायपूर, भिलाई, दुर्ग, राजनांदगाव आणि मग नागपूर अशी ही वाट आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून तेथे माणसे आली. विदर्भ शेजारचाच, त्यामुळे मराठी कुटुंबेही आली. जेथे माणसांची आणि मालाची एवढी ये-जा असते, तेथे चोरट्या मालाचीही असणार, हे ओघानेच आले.

आता अशी कल्पना करावी की, भिलाई पॉवर हाऊस स्थानकावर एका गाडीचा साधा डबा तपासला गेला. बाकाखाली दोन मोठ्या पिशव्या सापडल्या आणि त्यांत गांजा निघाला. बाकावर चार प्रवासी बसले होते. पिशव्या कोणाच्या, हे कोणीही सांगत नाही. त्यांतील एका तरुणाजवळ ओडिशातील स्थानकापासून नागपूरपर्यंतचे तिकीट आहे, पोलिसांना पाहताच तो उठून उभा राहिला आणि त्याच्या भ्रमणध्वनीवर एकाच क्रमांकाचे अनेक निरोप आहेत. पिशव्या त्याने गाडीत चढविल्या, हे पाहणारा साक्षीदार एकही नाही. माल वीस किलोहून अधिक भरला, तर कायद्याच्या भाषेत तो व्यापारी प्रमाणातला ठरतो आणि शिक्षा किमान दहा वर्षांची व कमाल वीस वर्षांची सक्तमजुरी, शिवाय किमान एक लाख रुपये दंड. तिकीट, उठून उभे राहणे आणि निरोप या तीन गोष्टींवर एखाद्याच्या आयुष्यातील दहा वर्षे घ्यावीत काय? या प्रश्नाचे उत्तर भारतीय न्यायालयांनी ज्या निकालाच्या आधारे द्यावयाचे ठरविले, तो निकाल याच मुलखाच्या जुन्या राजधानीतून, म्हणजे नागपुरातून, दिल्लीला गेला होता. त्याचा उगमही अबकारी खात्यातच होता.

जुन्या मध्यप्रांतात अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. देशी दारू, अफू, गांजा आणि भांग ही सारी या खात्याच्या कक्षेत येत. आज ज्या गांजाच्या वाहतुकीसाठी दहा वर्षांची शिक्षा होते, तो गांजा त्या काळी निमाड जिल्ह्यातील खांडव्याच्या आसमंतात सरकारी परवान्याने पिकत असे आणि परवाना घेतलेल्या दुकानांतून विकला जाई. गांजा-भांगेच्या परिणामांची चौकशी करण्यासाठी सरकारने १८९३ मध्ये एक आयोग नेमला. त्याने देशभर फिरून हजारांहून अधिक साक्षी नोंदविल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. संपूर्ण बंदी नको, कर आणि परवाने यांच्या साहाय्याने नियंत्रण ठेवावे, असा त्याचा रोख होता. तेव्हाचा गुन्हा हा मुख्यतः महसुलाचा गुन्हा होता. सरकारचा कर बुडविला, हे त्याचे स्वरूप. दुर्ग जिल्हा १९०६ मध्ये अस्तित्वात आला, तो याच मध्यप्रांतात. आणि १९५६ पर्यंत तेथील फौजदारी प्रकरणांचा शेवटचा प्रांतिक न्याय नागपूरच्या उच्च न्यायालयात होत असे.

या प्रांताचे अबकारी आयुक्त हनुमंत गोविंद नरगुंदकर यांच्यावरच खटला उभा राहिला, तेव्हा त्याची मोठी चर्चा होणे साहजिक होते. १९४६ च्या सप्टेंबरमध्ये शिवणी येथील दारूच्या भट्टीचा मक्ता देण्यासाठी निविदा मागविण्यात आल्या. मक्ता चार वर्षांचा होता, १ एप्रिल १९४७ पासून ३१ मार्च १९५१ पर्यंतचा. पाच निविदा मोहोरबंद लिफाफ्यांत आल्या आणि नोव्हेंबरमध्ये त्या आयुक्तांच्या हाती सोपविण्यात आल्या. सरकार पक्षाचे म्हणणे असे की, आयुक्तांनी लिफाफे घरी नेले, रात्रीतून उघडले, प्रतिस्पर्ध्याचे दर एका मक्तेदाराला कळविले आणि त्याला आपली निविदा काढून घेऊन कमी दरांची दुसरी निविदा त्या जागी ठेवू दिली. हे घडताना कोणी पाहिले नव्हते. लिफाफे त्यांच्या ताब्यात होते, ते उघडलेले आढळले असे एक अधिकारी सांगत होता आणि मक्तेदाराचे दर प्रतिस्पर्ध्यापेक्षा थोडे कमी होते. या तीन गोष्टींवरून उरलेली कथा रचण्यात आली होती.

दुसरा आरोप एका पत्राविषयी होता. त्या पत्रावर नोव्हेंबर १९४६ ची तारीख होती. पण ते ज्या टंकयंत्रावर छापले असे तज्ज्ञाने सांगितले, ते यंत्र डिसेंबरच्या अखेरीस विकत घेतलेले होते. म्हणजे पत्र मागाहून लिहून त्यावर आधीची तारीख घातली, असा निष्कर्ष. प्रथमदर्शनी यापेक्षा पक्का पुरावा तो कोणता?

नागपूरच्या विशेष दंडाधिकाऱ्यांनी कट आणि बनावट दस्तऐवज अशा सर्व आरोपांखाली दोघांनाही दोषी ठरविले. सत्र न्यायाधीशांनी कटाचा आरोप काढून टाकला, बनावट दस्तऐवजांची शिक्षा कायम केली. उच्च न्यायालयाने ती बदलण्यास नकार दिला. तीन न्यायालयांनी एकच निष्कर्ष काढला होता. सर्वोच्च न्यायालय तेव्हा नुकतेच, १९५० मध्ये, स्थापन झाले होते. त्याने विशेष अनुमती दिली आणि सप्टेंबर १९५२ मध्ये न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी निकाल सांगितला. दोन्ही आरोपी निर्दोष सुटले.

या निकालाचे मर्म काय? न्यायमूर्ती महाजन यांनी एक इशारा दिला, तो असा की, परिस्थितिजन्य पुराव्याच्या खटल्यात तर्क किंवा संशय हा पुराव्याची जागा बळकावून बसण्याचा धोका नेहमीच असतो. यासाठी त्यांनी इंग्लंडमधील १८३८ च्या एका खटल्यात न्यायाधीश ऑल्डरसन यांनी ज्यूरीला केलेल्या उपदेशाचा आधार घेतला. मनुष्याच्या बुद्धीला सुट्या घटना एकमेकींत बसविण्यात आनंद वाटतो; एखादी घटना बसत नसेल, तर ती थोडी ओढूनताणूनही ती बसविते; आणि बुद्धी जितकी तल्लख, तितका हा मोह अधिक, असे त्या उपदेशाचे सार होते. म्हणजे न्यायाधीशाला सर्वांत मोठा धोका बाहेरून नाही, स्वतःच्या हुशारीपासून आहे. म्हणूनच ज्या घटनांवरून अनुमान काढावयाचे, त्या घटना आधी स्वतंत्रपणे व पूर्णपणे सिद्ध झाल्या पाहिजेत, त्या सर्व मिळून आरोपीच्या अपराधाशीच जुळल्या पाहिजेत आणि त्याच्या निर्दोषपणाशी जुळेल असे कोणतेही वाजवी स्पष्टीकरण शिल्लक राहता कामा नये. साखळी एवढी पूर्ण हवी.

याच निकालात आणखी एक तत्त्व आहे, ते फारसे उद्धृत होत नाही. आरोपीच्या निवेदनातील सोयीचा भाग उचलावयाचा आणि गैरसोयीचा टाकून द्यावयाचा, असे सरकार पक्षाला करता येत नाही. घ्यावयाचे तर संपूर्ण घ्यावे, नाही तर मुळीच घेऊ नये. टंकयंत्राच्या तज्ज्ञाचे मत मात्र न्यायालयाने तेव्हा पुराव्यात ग्राह्य धरले नाही. तो भाग पुढे टिकला नाही. १९९६ मध्ये घटनापीठाने असे मत ग्राह्य ठरविले. इतिहासाच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे. निकालातील शास्त्रीय तपशील जुना झाला, साखळीचा दंडक मात्र जुना झाला नाही.

हा दंडक सूत्ररूपात बांधला गेला तो आणखी एका मराठी मुलखातील खटल्यात. १९८२ मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा विषाने मृत्यू झाला. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८४ मध्ये त्याची सुटका केली. त्या वेळी न्यायमूर्ती फजल अली यांनी नरगुंदकर खटल्यातील विचाराची पाच सूत्रांत मांडणी केली आणि त्यांना परिस्थितिजन्य पुराव्याचे पंचशील असे म्हटले. त्याआधी १९७३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खुनाच्या अपिलात न्यायालयाने बजावले होते की, आरोपी दोषी असू शकेल आणि आरोपी दोषी असलाच पाहिजे या दोहोंतील अंतर फार मोठे असते. गंमत अशी की, त्या १९७३ च्या अपिलात शंकेच्या फायद्याचा अतिरेक करू नये, असेही तितक्याच जोराने सांगितले होते. दोन्ही बाजू एकाच निकालात होत्या.

इकडे अंमली पदार्थांचा कायदा पूर्णपणे पालटला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सहभागी झाला होता. गांजाचा औषधी कामाखेरीज होणारा उपयोग पंचवीस वर्षांत बंद करावयाचा, अशी मुदत त्या करारात होती. ती संपत आली, तेव्हा संसदेने १९८५ मध्ये अंमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कायदा केला व तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आला. महसुलाचा गुन्हा आता समाजाविरुद्धचा घोर गुन्हा झाला. प्रारंभी थोड्या-फार मालालाही जबर शिक्षा होती. २००१ च्या दुरुस्तीने मालाच्या वजनाप्रमाणे शिक्षेच्या पायऱ्या ठरविल्या. गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोपासून वर व्यापारी प्रमाण.

नुसती शिक्षा वाढली असती, तर प्रश्न एवढा बिकट झाला नसता. या कायद्याने पुराव्याचा पारडाही हलविला. कलम ५४ प्रमाणे, माल ताब्यात सापडला आणि त्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर न्यायालय गुन्हा गृहीत धरू शकते. कलम ३५ प्रमाणे, आरोपीच्या मनात गुन्ह्याची जाणीव होती असेच गृहीत धरावयाचे. ती नव्हती, हे त्याने सिद्ध करावयाचे. सामान्य फौजदारी न्यायात आरोपी गप्प बसला तरी चालते. येथे गप्प बसणे महाग पडते.

मग नरगुंदकर खटल्याचा दंडक या कायद्यापुढे निरुपयोगी झाला काय? न्यायालयांनी याचे उत्तर नाही असे दिले आहे. २००८ मध्ये पंजाबातील एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने ही गृहीतके घटनाबाह्य नाहीत असे म्हटले. पण त्याचबरोबर ती आपोआप लागू होत नाहीत, असेही सांगितले. पाया सरकार पक्षाने घालावयाचा आहे. माल आरोपीच्या ताब्यात होता, ही मूळ गोष्ट निःसंशय सिद्ध झाल्यावरच गृहीतकाचा दरवाजा उघडतो. आणि ताबा म्हणजे केवळ जवळ असणे नव्हे. त्या वस्तूची जाणीव आणि तिच्यावर हुकमत, दोन्ही हवीत. २००२ मध्ये पंजाबातल्याच एका प्रकरणात अफूच्या बोंडांच्या भुशाने भरलेल्या वाहनात पोत्यांवर बसलेल्या माणसांना खालच्या न्यायालयांनी दोषी धरले होते. पोत्यांवर बसणे म्हणजे पोती ताब्यात असणे नव्हे, या विचाराने सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केले. उलट २००३ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका मोटारीत सापडलेल्या चरसाबद्दल आतील सर्वांचीच शिक्षा कायम झाली. कारण तेथे ते एकत्र प्रवास करीत होते आणि मालाची त्यांना जाणीव होती, हे पुराव्यावरून दिसत होते.

आता भिलाईच्या त्या कल्पित तरुणाकडे पुन्हा पाहावे. त्याचे लांब पल्ल्याचे तिकीट चार जणांपैकी इतर दोघांजवळही असेल. पोलिसांना पाहून उभे राहणे भीतीने घडते आणि भीती निर्दोष माणसालाही वाटते. एकाच क्रमांकाचे निरोप ओळख दाखवितात. त्या निरोपांत काय होते, हे सिद्ध केल्याखेरीज मालाशी संबंध दाखवीत नाहीत. पण पिशवीला कुलूप असेल आणि त्याची किल्ली पंचांसमक्ष त्याच्या खिशातून निघाली असेल, तर साखळीचे चित्र पालटते. पहिल्या तीन दुव्यांना दुसरे स्पष्टीकरण आहे. चौथ्याला ते सहजासहजी सापडत नाही. अपिलात वकिलाने आणि न्यायाधीशाने करावयाचे काम नेमके हेच. दुव्यांची संख्या मोजावयाची नाही, एकेक दुवा ओढून पाहावयाचा.

ही तपासणी छत्तीसगडच्या प्रकरणांत प्रत्यक्ष कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी निर्माण झाले आणि त्याचे उच्च न्यायालय बिलासपूरला स्थापन झाले. भिलाईचे प्रकरण दुर्गच्या न्यायालयात चालते, अपील बिलासपूरला जाते आणि तेथून विशेष अनुमतीने दिल्लीला. ऑगस्ट २०२२ मध्ये या राज्यातून गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना मुक्त केले. स्वतंत्र साक्षीदार उलटले, एवढ्याने खटला कोसळत नाही. परंतु तपासाच्या इतर बाबींविषयीही शंका उत्पन्न होत असतील, तर साक्षीदारांच्या उलटण्याकडे डोळेझाक करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. जानेवारी २०२५ मध्ये याच राज्यातील गांजाच्या दुसऱ्या अपिलात शिक्षा कायम झाली. तेथे तक्रार होती ती नमुने घेण्याच्या पद्धतीविषयी. जप्त मालाची यादी आणि नमुने दंडाधिकाऱ्यांसमक्ष प्रमाणित व्हावेत, असे कलम ५२-अ सांगते. त्या नियमात कसूर झाली एवढ्यानेच आरोपी सुटत नाही. त्या कसुरीमुळे जप्तीविषयीच खरोखर शंका उत्पन्न होते काय, हे पाहावे, असे न्यायालयाने सांगितले. एक निकाल सुटकेचा, दुसरा शिक्षेचा. परंतु दोहोंत मोजमाप एकच आहे. त्रुटी किती, हा प्रश्न नव्हे; त्रुटीने साखळी तुटते काय, हा प्रश्न.

आरोपीच्या तोंडून निघालेल्या शब्दांचेही असेच झाले. अंमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांपुढे दिलेला जबाब अनेक वर्षे कबुलीजबाब म्हणून वापरला जाई आणि साखळीतील कित्येक उणिवा त्याने भरून काढल्या जात. २९ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरविले की, असा जबाब आरोपीविरुद्ध कबुली म्हणून वापरता येणार नाही. तेव्हापासून मूक परिस्थितीवरचा भार अधिकच वाढला आणि तिची कसोटीही तितकीच महत्त्वाची झाली. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलमांचे क्रमांक बदलले, तरी ही कसोटी कायम आहे.

परंतु कसोटी कितीही निर्दोष असली, तरी अपिलापर्यंत पोचल्याविना ती कोणाच्या कामी येणार? या कायद्यात शिक्षा झालेल्या माणसाची शिक्षा अपील चालू असताना स्थगित करू नये, असा सक्त निर्बंध एके काळी होता. अपील ऐकले जाईपर्यंत शिक्षा भोगून संपावी आणि मग निर्दोषत्वाचा कागद हाती पडावा, अशी आपत्ती त्यातून ओढवू शकत होती. महाराष्ट्रातील एका बंद्याच्या अर्जावर ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्बंध घटनेशी विसंगत ठरविला. स्थगिती सहज मिळत नाही. कलम ३७ च्या कडक अटी तेथेही लागू आहेत. परंतु न्यायालयाचे दार बंद राहिले नाही. त्याही आधी, १९७८ मध्ये, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका बंद्याचे प्रकरण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे आले होते. तो अपिलासाठी आला, तेव्हा मुदत उलटून चार वर्षांहून अधिक काळ लोटला होता. निकालाची प्रत त्याच्या हाती वेळेवर पडलीच नव्हती. बंद्याला निकालाची प्रत विनामूल्य व वेळेवर मिळावी आणि वकील करण्याची ऐपत नसेल, तर शासनाने तो द्यावा, असा दंडक त्या प्रकरणात घालून दिला गेला. १९८७ च्या कायद्याने पुढे विधी सेवा प्राधिकरणे निर्माण झाली.

या तरतुदींचे मोल गांजाच्या खटल्यांत विशेष आहे. मालाचा खरा धनी क्वचितच मालाबरोबर प्रवास करतो. तो एखाद्या गरजू माणसाला थोड्या पैशांची आशा दाखवितो आणि दूर राहतो. सापडतो तो वाहून नेणारा. आणि कधी कधी त्याच्या शेजारी बसलेला, ज्याला पिशवीत काय आहे याची कल्पनाही नसते. या दोघांत भेद करणे कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. व्यसनाने घरेच्या घरे उद्ध्वस्त होतात, म्हणून कायदा कठोर आहे, हेही मान्य केले पाहिजे. १९९९ मध्ये घटनापीठाने झडतीसंबंधीच्या कलम ५० विषयी बोलताना जे सूत्र सांगितले, ते येथे उपयोगी पडते: शिक्षा जितकी कठोर, तितकी संरक्षणाच्या नियमांची अंमलबजावणी काटेकोर हवी.

नरगुंदकर हे मोठ्या हुद्द्यावरील अधिकारी होते. तीन न्यायालयांत हरल्यावरही चौथ्याचे दार ठोठावण्याची ऐपत त्यांना होती. त्यांच्या प्रकरणात जो दंडक ठरला, तो त्यांच्यापुरता राहिला नाही. साध्या डब्यातून प्रवास करणाऱ्या, दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेणाऱ्या माणसालाही तोच लागू आहे. दुर्गच्या किंवा नागपूरच्या न्यायालयात तो त्याला प्रत्यक्ष मिळतो काय, हे ग्रंथांतील निकालांवर अवलंबून नाही. ते पंचनामा लिहिणाऱ्या शिपायाच्या प्रामाणिकपणावर, त्याच्या नावे नेमलेल्या वकिलाच्या कष्टांवर आणि दुवे जोडण्याच्या आनंदाला आवर घालणाऱ्या न्यायाधीशाच्या सावधपणावर अवलंबून आहे.